रिपीट

“बाई, एवढं वाचून सांगता का? ही सकाळची हाय का रातची?”

शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या बाईने गोळ्यांची पट्टी हातात ठेवली, तेव्हा दया मकासरे समोरच्या भिंतीवरच्या पोटाच्या चित्राकडे बघत बसली होती. शुक्रवारची दुपार होती, शाळा नुकतीच सुटली होती, आणि नगरच्या माळीवाड्यामागच्या त्या दवाखान्यात बसायला जागा मिळाली म्हणून ती बसली होती, एवढंच. तिला आत जायचं नव्हतंच. दर तीन महिन्यांनी ती येई, कंपाउंडर मच्छिंद्र तिचा कागद आत नेई आणि दोन मिनिटांत परत आणून देई. त्यावर तारखेपुढे डॉक्टरांच्या हातचा एकच शब्द असे : रिपीट. तो घेऊन ती खालच्या मेडिकलमधून गोळ्या घ्यायची आणि घरी जायची. तिने पट्टी उलटी केली, डोळ्यांपासून जरा लांब धरली, नववीच्या पोरांची वही धरावी तशी, आणि नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिचीच गोळी होती. तीच कंपनी, तोच दहाचा आकडा. “ही झोपताना घ्यायची,” ती म्हणाली. “कशासाठी दिलीय तुम्हाला?”

“नसांची गोळी हाय ती. हाताला मुंग्या येत्यात, छाती धडधड करती. डॉक्टर म्हनले, नसा कमजोर झाल्यात.”

“मीही हीच घेते.”

“अगं बया! तुमच्यापन नसा गेल्या व्हय?”

पलीकडे पोलीस भरतीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली एक मुलगी होती. तिने मान वळवली, पट्टीकडे पाहिलं आणि आपल्या पिशवीतून तसलीच पट्टी काढून दाखवली. तिचं नाव धनश्री. तिला ती पोटासाठी दिली होती. पेपर जवळ आला की तिला उलट्या व्हायच्या. दयाला आठवलं, आपल्याला डॉक्टर ‘टेन्शनची गोळी’ म्हणाले होते. म्हणजे एकीला नसांची, एकीला पोटाची, एकीला टेन्शनची. म्हातारी हसली. “एका गोळीच्या तिघी भनी की वं आपुन,” म्हणाली, आणि पट्टी पिशवीत ठेवायला हात लांब केला, तेव्हा चोळीच्या बाहीखाली दंडावर हिरवटकाळा वळ दिसला, चार बोटं रुंद. दयाने विचारलं, पडलात का? “पडन कशानं! मालकाचा हात हाय. प्याला की उठतो.” डॉक्टरांना सांगितलं का? म्हातारीला प्रश्नच चमत्कारिक वाटला. “त्यांनी इचारलंच न्हाई. आन आपुन कसं सांगावं?” तिचं नाव बायडाबाई. ती मिरजगावहून येत होती, सकाळच्या एसटीने.

मिरजगाव. दयाने ते नाव ऐकलं आणि आपल्या आत काय होतंय याची वाट पाहिली. काही झालं नाही. आठ वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या वीस तारखेला, मिरजगावच्या अलीकडे दीड किलोमीटरवर, कर्जतच्या गाडीत तिकिटं देता देता तिचा नवरा मोझेस एका प्रवाशाच्या अंगावर कोसळला होता. मशीन त्याच्या गळ्यात होतं आणि त्यातून अर्धं तिकीट बाहेर आलं होतं. ड्रायव्हर आसारामने भरल्या गाडीनिशी, कुणालाही उतरू न देता, सरळ सरकारी दवाखाना गाठला होता आणि पन्नास माणसं त्या दवाखान्याच्या आवारात डोक्यावरचे रुमाल काढून उभी राहिली होती. आणि त्या गावचं नाव एका म्हातारीच्या तोंडून ऐकून तिला काय वाटलं? तर श्रीरामपूर किंवा राहुरी ऐकून वाटलं असतं तेवढंच. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतो, मग आपण जिभेने हिरडी चाचपतो. हिरडी तिथे असते, पण आपली नसते. तसं तिने मिरजगाव दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. मग ती उठली. मच्छिंद्रने कागद पुढे केला, “मॅडम, झालं, रिपीट,” तिने तो घेतला, आणि जिन्यावरून उतरताना पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की हा शब्द आपण आठ वर्षांत तीस-बत्तीस वेळा घरी घेऊन गेलो आहोत.

तिने गोळ्या घेतल्या नाहीत असं नाही, घेतल्या. सवय मोठी असते. पण तारकपूरच्या आपल्या दोन खोल्यांत आल्यावर चहा ठेवायच्या आधी तिने कपाटाच्या वरच्या कप्प्यातली फाईल काढली. दया बाई फार नेटकी. चौतीस वर्षं मराठी शिकवून तिला कागद तारखेनुसार लावायची खोड लागली होती. सगळ्यात वर आजचा कागद, मग जुलैचा, मग एप्रिलचा, रिपीट, रिपीट, रिपीट. मध्ये करोनाचं वर्ष. तेव्हा दोन आठवडे गोळ्या मिळाल्या नव्हत्या. तेव्हाचं तिला स्वच्छ आठवत होतं. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, जमीन पायाखालून सरकायची, घामाने उशी भिजायची. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, “बघा, आजार परत आला. म्हणून सांगतो, गोळी सोडायची नाही,” आणि पाचाची दहाची केली. तिने मान डोलावली होती. फोनवर मान डोलावली होती! कोणता आजार, हे विचारायचं तिला सुचलंसुद्धा नव्हतं. या आठ वर्षांत राज्य बदललं, शाळेची रंगसफेदी दोनदा झाली, जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं, आणि तिच्या कागदावरचा शब्द तेवढा बदलला नाही. सगळ्यात खाली पहिला कागद. अकरा डिसेंबर. दया मोझेस मकासरे, वय अठ्ठेचाळीस. ब्लडप्रेशर. गोळीचं नाव. बस. काय झालंय, कशामुळे, किती दिवस घ्यायची, पुन्हा कधी बघायचं, एक अक्षर नाही. शाळेत एखाद्या पोराने असा निबंध लिहिला असता, नुसता शेवट, तर तिने तो त्याच्या अंगावर फेकला असता.

आणि त्या कागदाला चिकटून, टाचणीच्या गंजाने डागाळलेला, आणखी एक कागद होता. तो तिचा नव्हता. अठरा नोव्हेंबर, मोझेस सायमन मकासरे, वय बावन्न. पित्ताचं इंजेक्शन, पित्ताचं पातळ औषध, मसालेदार बंद.

हा कागद इथे आहे हे तिला माहीत होतं. तीच तर खरी गंमत, गंमत कसली, तोच तर संताप, की ती विसरली नव्हती. तिला सगळं येत होतं, पाठ केलेल्या धड्यासारखं. मोझेस ड्यूटीवरून आला, शर्ट पाठीला चिकटलेला, डावा खांदा चोळत होता. म्हणाला, आज मशीनचा पट्टा फार काचला. ती त्याला जबरदस्तीने दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट दाबलं, “कंडक्टर लोकांचं जेवण वेळेवर नसतं हो,” म्हणाले, मोझेसही हसला, “साहेब, आम्ही लोकांना वेळेवर पोचवतो, आमचं जेवण उशिरा पोचतं,” म्हणाला. ते सगळं मिळून चार मिनिटांत झालं. तिसऱ्या दिवशी तो गेला. आणि अकरा डिसेंबरला शाळा सुटल्यावर दया एकटी त्या दवाखान्यात गेली होती ती रडू येतंय म्हणून नव्हे. झोप लागत नाही म्हणूनही नव्हे. आसारामने तिला सांगितलं होतं, की मिरजगावचे डॉक्टर म्हणत होते, दोन दिवस आधी छातीची पट्टी, ईसीजी, काढली असती तर कळलं असतं. ती डॉक्टरांना एक प्रश्न विचारायला गेली होती. पदर खोचून गेली होती. ‘तुम्ही पित्त कशावरून म्हणालात?’ एवढाच प्रश्न; रस्ताभर तिने तो घोटला होता, कारण मोठ्या माणसाला विचारायचा होता. ती खुर्चीत बसली, “डॉक्टर, मोझेसला तुम्ही–” म्हणाली, आणि पुढचं वाक्य रडण्यात बुडालं. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. झोप लागते का, भूक लागते का, विचारलं. तिने नाही म्हटलं. कुणाला लागली असती? एकवीस दिवस झाले होते! एकवीस दिवसांत कोंबडी अंड्यातून पिल्लू काढते, आणि बाईने तेवढ्यात नवरा पचवून टाकायचा? “ही घ्या, बरं वाटेल,” म्हणून त्यांनी लिहिलं, आणि ती प्रश्न तसाच घेऊन, वर एक कागद घेऊन बाहेर आली.

आणि बरं वाटलं. हेही खोटं नाही. तीन आठवड्यांनी रडू थांबलं, वर्गावर ती उभी राहिली, वह्या तपासल्या. लोक म्हणाले, दयाबाई किती खंबीर. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी तिला साक्ष द्यायला लावली आणि तिनेही पुढे उभं राहून देवाने शक्ती दिली म्हणून सांगितलं, आणि बायकांनी डोळे पुसले. तिने नाही पुसले, तिचे कोरडेच होते. पुढच्या वर्षी आई गेली. राहात्याला, माहेरी, तिच्या मातीच्या वेळी दया पाहुण्यांच्या चहाचं बघत होती. जॉनचं लग्न झालं, एकुलत्या एका पोराचं. सुनेला घेऊन निघताना तो गळ्यात पडून हुंदके देत होता आणि तिच्या खांद्याला त्याच्या कोटाचा कडक कापडाचा वास येत होता, तेवढाच तिला आठवतो. “आई, तू थोडी तरी रड ना,” तो म्हणाला होता. तिने त्याच्या पाठीवर थापटलं होतं, बेंचवरच्या पोराला थापटावं तसं. त्या वेळी तिला वाटलं होतं, वय झालं की माणूस असाच होतो, जुन्या भांड्याला आवाज राहत नाही तसा. आणि प्रश्न? तो कुठे गेला नव्हता. होता, पण त्याची धार गेली होती. बोथट सुरीसारखा फडताळात पडून होता. दया त्याच माणसाकडे दर तीन महिन्यांनी जात होती, ‘नमस्कार डॉक्टर’ म्हणत होती, दिवाळीला फराळाचा डबा पाठवत होती. डबा! त्या विचारासरशी तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हे काय, म्हणून तिने हात लावून पाहिलं. कानच तापले होते.

दिवे लागणीला तिने प्रार्थनाला फोन लावला. प्रार्थना म्हणजे मोझेसची धाकटी बहीण, श्रीरामपूरला दिलेली. दया बोलत सुटली, की या गोळ्या म्हणजे थोतांड आहे, रडणाऱ्या बायकांच्या तोंडात कोंबायचं बूच आहे, त्या सगळ्या गटारात ओतल्या पाहिजेत.

“वहिनी,” प्रार्थना म्हणाली, “माझी गोळी गटारात ओतू नका हं.”

चौदा वर्षांपूर्वीची प्रार्थना दयाने पाहिली होती. बाळंतपणानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडली ती तीन महिने. पोरगी शेजारी रडायची आणि हिचे डोळे भिंतीवर. सासरचे म्हणाले बाहेरचं आहे. इकडच्यांनी उपास धरले, डोक्यावर हात ठेवून रात्रंदिवस प्रार्थना केल्या, तिच्या नावाच्या प्रार्थना तिच्याच उशाशी. तिला गोळीची गरज होती आणि सगळ्यांनी तिला देव दिला. शेवटी मोझेसने रजा टाकून तिला पुण्याला नेलं.

“त्या गोळीनं मला माझी पोरगी दाखवली, वहिनी. तोवर ती मला दिसतच नव्हती. पण पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी मला पावणेदोन तास विचारलं होतं. लहानपणापासून सगळं. तुम्हाला काय काय विचारलं?”

“झोप लागते का, विचारलं. आणि भूक.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“आठ वर्षांत?”

“आठ वर्षांत.”

पलीकडून उसासा आला. “मग गोळीला कशाला शिव्या देता? न विचारणाऱ्याला द्या की. आणि हे बघा, आजपासून एकदम बंद करायचं खूळ डोक्यात घेऊ नका. डोकं गरगरेल, तोल जाईल, आणि मग तेच म्हणतील, बघा, आजार आला परत.”

फोन ठेवल्यावर दयाने ती गोळी घेतली. पाण्याच्या घोटाबरोबर ती खाली उतरली तेव्हा तिला आपल्याच गळ्याची चीड आली. प्रार्थनाला गोळी हवी होती तेव्हा मिळाली नाही. बायडाबाईच्या दंडावर वळ आहे, तर मारणारा मोकळा आणि गोळी मार खाणारीला. त्या धनश्रीच्या वयाच्या पोरी एका जागेसाठी हजारोंनी धावतात आणि ओकतात, तर त्यांच्या पोटाला गोळी. ज्याला त्याला, जे ते, चुकीच्या दारात. आणि हे कुणी दुष्ट माणूस करतो आहे असंही नाही. डॉक्टर चांगला माणूस आहे, गरिबाला उभ्या उभ्या तपासतो, सणावाराला दवाखाना उघडा ठेवतो. चांगल्या माणसाचा राग करायला फार जड जातं. ती अंथरुणावर पडली आणि सगळ्यांचा मिळून राग करता करता झोपून गेली, कारण झोप त्या गोळीने लागायचीच.

शनिवारी सकाळची शाळा. अकराला सुटल्यावर ती तडक दवाखान्यात गेली. मच्छिंद्र म्हणाला, “मॅडम, कालच तर नेला कागद.” ती म्हणाली, “आज मला आत जायचंय. नंबर लाव.” एकतिसावा नंबर होता. ती बसली. दीड तासाने आत गेली आणि आठ वर्षांनी पहिल्यांदा ती खोली नीट पाहिली. डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. टेबलावर औषध कंपन्यांची पेनं, घड्याळं, पेपरवेट. त्यांनी वर न बघताच पॅड ओढलं.

“या मकासरेबाई. झोप लागते ना?”

“लागते. डॉक्टर, मला काय झालं होतं?”

“म्हणजे?”

“ही गोळी सुरू केलीत तेव्हा. मला काय झालं होतं?”

त्यांनी तिचा कागद चाळला. पुढून, मागून. “डिप्रेशन होतं बाई. मिस्टर गेले होते ना तुमचे?”

“कुठे लिहिलंय ते?”

“सगळंच लिहायला वेळ कुठे असतो?”

“मी त्या दिवशी तुम्हाला एक विचारायला आले होते. मोझेसला खांद्यात कळ येत होती, दरदरून घाम येत होता. तुम्ही पित्त कशावरून म्हणालात?”

बाहेर कुणाचं तरी मूल खोकत होतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊपणा दयाने ओळखला. अगदी तोच, अकरा डिसेंबरचा. “बाई, तुमची चिडचिड वाढलेली दिसतेय. होतं असं. जुनं काहीबाही वर येतं. आपण दहाची आता वीसची करू, काय?” आणि पेन कागदावर टेकलं.

दयाने आपला तळहात त्या पॅडवर ठेवला. पेनाची शाई तिच्या करंगळीला लागली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. मोठ्या माणसाच्या टेबलावर असा हात ठेवायची तिची पद्धत नव्हती. “राग हा आजार आहे का, डॉक्टर? असला तर मला तोच झाला होता. आणि तुम्ही तो बरा केलात. आठ वर्षं बरा केलात.”

दार किलकिलं झालं. मच्छिंद्र म्हणाला, “सर, बाहेर पन्नास पेशंट हायत.” दया उठली नाही. डॉक्टर तिच्या हाताकडे बघत होते. ते रागावतील, तिला बाहेर काढतील, असं तिला वाटलं, आणि तसं झालं तरी चालेल असंही वाटलं.

“दार लाव,” ते मच्छिंद्रला म्हणाले. मग त्यांनी पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलं. “पट्टीचं मशीन शेजारच्या खोलीत होतं,” म्हणाले. “पट्टी काढायला दहा मिनिटं लागली असती. त्या संध्याकाळी शंभरावर पेशंट होते, डेंगीचे दिवस. काढायला हवी होती. तुम्ही आलात तेव्हा मला कळलं होतं तुम्ही कशाला आलात. तुम्ही इथे बसून रडत होता. मला ते बघवत नव्हतं.”

“मग ती गोळी तुम्ही घ्यायची होती,” दया म्हणाली.

हे वाक्य तिने घोटलेलं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि दोघांच्या मध्ये टेबलावर राहिलं. तिला वाटलं होतं, उत्तर मिळालं की छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. उलट राग आता कुठे पाय रोवून उभा राहत होता. एवढंच होतं? ‘काढायला हवी होती’, तीन शब्द? एवढे तीन शब्द तिला तेव्हा मिळाले असते तर ती आरडाओरडा करून, छाती पिटून, त्यांच्या दारात बसून, जे काय करायचं ते करून मोकळी झाली असती. तिने आपले कागद गोळा केले. दाराशी थांबून म्हणाली, “मिरजगावच्या एक बायडाबाई येतात तुमच्याकडे. पुढच्या वेळी त्यांना बाही वर करायला सांगा.”

त्यानंतरचे पाच महिने सोपे गेले नाहीत. प्रार्थना श्रीरामपूरहून आली आणि तिला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या खोलीत घेऊन गेली. तिथली डॉक्टरीण जॉनच्या वयाची. तिने चाळीस मिनिटं विचारलं, लिहून घेतलं, आणि म्हणाली, “तेव्हा तुम्हाला गोळीची गरज होती की नव्हती, हे आज मी छातीठोक सांगू शकत नाही. पण सहा महिन्यांनी कुणीतरी थांबून बघायला हवं होतं, एवढं नक्की सांगते.” मग दहाची साडेसात, साडेसाताची पाच, पुढे अर्धी, पाव. डोक्यात विजा चमकल्या, फळ्यासमोर तोल गेला. स्वप्नात मोझेस गाडीच्या दाराशी उभा राहून घंटीची दोरी ओढायचा. आणि राग यायचा, वेळी-अवेळी, दूधवाल्याचा, देवाचा, खुद्द मोझेसचा. मशीनचा पट्टा काचला म्हणे! खांदा दुखतो तर नीट सांगता येत नव्हतं?

फेब्रुवारीत भाजीबाजारात मच्छिंद्र भेटला. म्हणाला, “सर आता एकेकाला लई वेळ बसवून घेतात मॅडम, बाहेर लोक आमच्या नावानं शिमगा करत्यात. त्या मिरजगावच्या म्हातारीलाबी बसवलं. म्हनले, नवऱ्याला घेऊन ये. त्यानंतर ती आलीच न्हाई.” दयाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. नवऱ्याला घेऊन ये! म्हणजे घरी जाऊन तिने सांगितलं असणार, आणि मग काय झालं असणार? वळ आपण दाखवून दिला होता, बायडाबाईने नव्हे. रविवारी चर्च चुकवून ती कर्जतच्या गाडीत बसली. मिरजगावला उतरून विचारत विचारत घर गाठलं. दारात एक म्हातारा बाजेवर पाय वर घेऊन बसला होता आणि त्याने तोंड फिरवलं. शेजारची राहीबाई म्हणून होती, ती धुणं पिळता पिळता म्हणाली, “ती गेली की लेकीकडं, कर्जतला. दोन महिनं झालं. ह्यो म्हनतो परत ये, ती म्हनती डॉक्टरनं तुला बलावलंय, आदी तू जाऊन ये.” आणि राहीबाई तोंडाला पदर लावून हसली. “गोळ्या बी नेल्यात तिनं. लेक दवाखान्यात घिऊन जाती तिला.”

दया हायवेला परत आली. गाडीला वेळ होता म्हणून नगरच्या दिशेने चालू लागली. दीड किलोमीटर काही फार नसतं. बाजूला ज्वारी काढलेली रानं, मधेच एक ढाबा, टायरवाल्याची टपरी. नेमकी जागा कोणती ते तिला माहीत नव्हतं, कुणाला माहीत असणार, गाडी चालती होती. टपरीपाशी ती थांबली ती दम लागला म्हणून, आणि मग तिचा जो आवाज फुटला तो तिलाच ओळखू आला नाही, गुरासारखा, पोटातून. टायरवाला पळत आला. त्याने काही विचारलं नाही, एक जुना टायर आडवा टाकला, त्यावर गोणपाट टाकलं आणि तिला बसवलं. दोन गाड्या पुढे निघून गेल्या. ती बसून रडत होती, मोझेससाठी, आईसाठी, कोटाच्या वासाच्या त्या पोरासाठी, कुणासाठी कोणतं हे वेगळं काढता येत नव्हतं. मध्येच टायरवाल्याने पाणी आणून दिलं आणि आपलं काम करायला निघून गेला. त्याचे उपकार ती विसरायची नाही.

मार्चच्या शेवटी शाळेत मीटिंग होती. विषय वार्षिक तपासणीचा. हेडसर रंगरंगोटी, तोरणं, स्वागतगीत असं सांगत होते. मुलींच्या संडासाला दरवर्षी दिवाळीनंतर पाणी नसायचं. मुली दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत, हे सगळ्या बायांना माहीत होतं, दयालाही माहीत होतं, आणि त्याच्या आधीच्या वर्षीही माहीत होतं, त्याच्या आधीच्याही. हेडसर म्हणाले, तपासणीपुरतं त्याला कुलूप घालू. तेव्हा दयाने टेबलावर असा हात आपटला की चहाचे कप वाजले. ती उभी राहिली आणि पाच मिनिटं बोलली, आवाज चढवून. टाकी सोमवारपर्यंत भरली नाही तर तपासणीच्या साहेबांना मी स्वतः हाताला धरून तिकडे नेईन, म्हणाली. मग मागच्या बाकावरच्या दोन बाया एकापाठोपाठ म्हणाल्या, “खरं आहे सर.”

मीटिंग संपल्यावर हेडसरांनी तिला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. काळजीने म्हणाले, “मकासरे मॅडम, तुम्ही इतक्या शांत होतात हो. हल्ली फार चिडता. बरं नाही का तुम्हाला?”

“आता बरं आहे सर,” दया म्हणाली, आणि टाकीचं काम कुणाकडे दिलंय ते विचारलं.